गाडीतला खडखडाट कमी करा, कान जपा



या पानावर आपण नेहमी लागण, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. या खेपेस विषय थोडा वेगळा घेतला आहे. तो आपल्या ऊस वाहतुकीचा आहे आणि आपल्या घरातल्या माणसांच्या कानांचाही आहे.

मागील हंगामात एका गटात ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना मदतनीस गड्याचा हात हूक आणि दांडी यांच्यामध्ये सापडला. गडी "थांब, थांब" म्हणून ओरडत होता, पण ट्रॅक्टर मागे येतच राहिला. दोन बोटे गेली. ड्रायव्हर बावीस वर्षांचा अनुभवी, निर्व्यसनी माणूस. आम्ही चौकशीस गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "साहेब, शपथेवर सांगतो, मला ऐकूच आलं नाही." पुढे त्याचे कान तपासून घेतले. उंच स्वर ऐकण्याची शक्ती दोन्ही कानांत बरीच कमी झालेली निघाली. बावीस वर्षे इंजिनाचा आवाज, आणि त्यावर मात करायची म्हणून मोठ्याने लावलेली गाणी, असा हा दुहेरी मार होता.

कान कसा जातो?

कानाच्या आतल्या भागात केसांसारख्या अतिसूक्ष्म पेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. खोडव्याला फुटवे येतात, कानाला येत नाहीत. नुकसान प्रथम उंच स्वरांत होते. त्यामुळे बायकामुलांचे बोलणे अस्पष्ट वाटू लागते, कानात कुई वाजते, आणि माणूस म्हणतो, "तुम्ही लोक हळू बोलता."

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत ८ तासांच्या कामासाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतील नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था याहून कडक, म्हणजे ८ तासांना ८५ डेसिबलची शिफारस करते. तिच्या हिशेबाने ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ ला फक्त १ तास. म्हणजे आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावरचा मार दुप्पट होतो. हाच हिशेब उलटा धरला तर ३ डेसिबल कमी केले की मार निम्मा होतो. हे ध्यानात ठेवावे. पुढच्या सगळ्या खटाटोपाचे कारण हेच आहे.

मापक यंत्र नसले तरी एक खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथील आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर गेलेला आहे असे समजावे.

आम्ही जीपवर काय केले?

आमच्या विभागाची जुनी जीप म्हणजे चालता डबा. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचे तर गाडी थांबवावी लागे. गेल्या पावसाळ्यात आम्ही व ड्रायव्हर मिळून दोन रविवारी हे काम हातानेच केले. ज्या सभासदांकडे जीप, पिकअप किंवा बंद केबिनचे वाहन आहे, त्यांनाही ते जमण्यासारखे आहे. क्रम मात्र चुकवू नये.

१. आधी दुरुस्ती. फुटका सायलेन्सर, ढिले नट-बोल्ट, चिरलेले इंजिनाचे रबरी माउंटिंग आणि खडखडणारे बॉनेट ही मुळातली दुखणी प्रथम दुरुस्त करावीत. मुळाला हुमणी लागली असताना पानावर फवारणी करून काय उपयोग? आमच्या जीपचा बराचसा खडखडाट एवढ्यानेच गेला.

२. भोके बुजवा. गिअर लिव्हरचे फाटके रबर, पेडलच्या फटी, वायरी आत येण्याची भोके आणि दाराचे सपाट झालेले बीडिंग तपासावे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज ओढून निघाली तर तेथे बीडिंग दाबत नाही असे समजावे. आवाज पाण्यासारखा आहे. पाटाचा बांध कितीही रुंद घातला तरी खेकड्याच्या एका बिळातून पाणी निघून जाते. शास्त्रीय हिशेब असा की, आडभिंतीचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तर ती कितीही जाड असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही.

३. पत्र्याचे कापणे थांबवा. जेवणाचे ताट हातातून पडले की घणघणते आणि त्यावर बोट टेकताच गप्प होते. गाडीच्या पत्र्याला हेच बोट कायमचे लावायचे आहे. त्यासाठी ब्यूटाईल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली चिकट शीट मिळते. सुमारे २ मिलिमीटर जाडीची पुरते. सबंध पत्रा मढवण्याची गरज नाही. पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारत जावे. जेथे 'ठण्ण' वाजते तेथे, म्हणजे बहुधा मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर, चौथा ते तिसरा हिस्सा झाकला की आवाज 'थप' असा येतो. तेवढे बस्स. त्याहून जास्त लावल्यास पैसा आणि वजन दोन्ही वाढतात, गुण मात्र त्या मानाने वाढत नाही.

लावण्याची रीत अशी : प्रथम बॅटरीची तार सोडावी. सीट व मॅट काढून चिखल, तेल व धूळ साफ करावी. गंज असल्यास घासून प्राइमर द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावे. वर्तमानपत्राचा साचा कापून त्याप्रमाणे शीट कापावी. हातमोजे घालावेत, कारण ॲल्युमिनियमची कड ब्लेडसारखी कापते. मागचा कागद काढून शीट ठेवावी व छोट्या रोलरने जोर लावून दाबावी. खाली हवा राहिली तर काम वाया गेले. आमच्या ड्रायव्हरने रोलरऐवजी घरचे लाटणे आणले होते. काम झाले, पण लाटणे परत नेण्याची त्याची छाती झाली नाही.

४. वरून जड थर. पत्रा गप्प झाला तरी इंजिनाचा व रस्त्याचा आवाज त्यातून आत येतोच. तो अडवायला वजन लागते. जमिनीवर आणि इंजिनाकडच्या आडपत्र्यावर आतल्या बाजूने ६ ते १० मिलिमीटरचा, पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम घालावा. त्यावर जड व्हिनाईलची किंवा रबराची मॅट अखंड बसवावी. सांधे पट्टीने बंद करावेत. नुसता स्पंज किंवा गोणपाट घालू नये. ते पावसाचे पाणी धरते आणि खालचा पत्रा गंजून जातो.

या चुका टाळाव्यात

दाराच्या तळाशी पाणी जाण्याची भोके असतात, ती कधीही बुजवू नयेत. काच खाली-वर होण्याची जागा, सीटबेल्टचे बोल्ट आणि वायरिंगचे जोड मोकळे ठेवावेत. नव्या गाड्यांत सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात. तेथे स्वतः हात न घालता जाणत्या मेकॅनिकला बोलवावे. स्वस्त पडते म्हणून छपराची डांबरी शीट लावू नये. ती उन्हात पाघळते आणि बंद गाडीत तिचा वास डोके चढवतो. इंजिनाच्या बाजूला किंवा सायलेन्सरजवळ फोम व शीट मुळीच लावू नये. आगीची भीती आहे.

ट्रॅक्टरचे काय?

उघड्या ट्रॅक्टरला शीट लावायला आडपत्राच नाही. तेथे उपाय वेगळे. सायलेन्सर काढून 'आवाज दमदार' करण्याची हौस सोडावी. सायलेन्सर सुस्थितीत ठेवणे नियमानेही बंधनकारक आहे. मडगार्ड आणि टप यांच्या बोल्टखाली रबरी वॉशर घालावेत. वर्कशॉपमधून पत्र्याचा टप किंवा केबिन करून घेतली असेल तर विशेष लक्ष द्यावे. असा मोकळा पत्रा इंजिनाचा आवाज अडवण्याऐवजी घुमवतो आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच ढोल वाजतो. टपाच्या आतून वर सांगितल्याप्रमाणे शीटचे तुकडे लावले की घुमणे कमी होते.

नांगरट व रोटाव्हेटरच्या कामात ड्रायव्हरला कानावरचे मफ किंवा फोमचे बोळे द्यावेत. बोळा बोटांनी वळून बारीक करावा, कान वर ओढून आत घालावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. कापसाचा बोळा आवाज फारसा अडवत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नये.

आणि शेवटी गाण्यांविषयी. वाहतूकदारांच्या रागाची तयारी ठेवून लिहितो. गोंगाटातून गाणे ऐकू यायचे तर ते गोंगाटाहून मोठेच लावावे लागते. म्हणजे कानाला दोन्हींचा मार, आणि मागून येणारा हॉर्न, गड्याची हाक, दोन्ही हरवतात. जो पैसा मोठ्या स्पीकरवर जातो, त्यातला थोडा आवाज कमी करण्यावर खर्च केला तर आहे तेच गाणे हळू लावूनही ऐकू येईल. ट्रॉली जोडताना आणि वाहन मागे घेताना तर गाणे बंदच पाहिजे. मागे गडी उभा असेल तर तो नजरेस पडेपर्यंत क्लच सोडू नये.

या कामाने जीपची मोटार होणार नाही, हे आम्ही आधीच सांगतो. आमच्या जीपमध्ये आता शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येते, एवढेच झाले. पण तीन-तीन डेसिबल करूनच कान वाचतो.

तो ड्रायव्हर आजही कामावर आहे. गडीही आहे. ट्रॉली जोडताना आता तो हाक मारत नाही. समोर येऊन हात वर करतो, मगच ट्रॅक्टर मागे येतो. ही पद्धत सर्वच वाहतूकदारांनी आजपासून घ्यावी. तिला खर्च काही नाही.

गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी ज्यांना हे काम करावयाचे आहे त्यांनी गट कार्यालयात यावे. आमची जीप तेथे उभी असते. आत बसून, टिचकी मारून पाहावे आणि मगच खर्च करावा.