लाल की आकाशी? नमुना दाखविण्याची रीत

घरमालक गडद लाल म्हणतात, घरातली मंडळी फिकट आकाशी म्हणतात, आणि आमचा रंगारी बांधव शेडकार्ड हातात धरून मध्ये उभा! अंगठ्याएवढ्या छापील तुकड्यावरून ठरलेला रंग भिंतीवर चढला की "हा आम्ही सांगितलाच नव्हता" असे ऐकावे लागते आणि मजुरी अडते.

म्हणून नमुना मोठा दाखवावा. पण दोन्ही रंग शेजारी-शेजारी लावू नयेत. पॅरिसच्या गोब्लां विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार आली होती. रंगाईत खोट नव्हती. जवळचे निळे-जांभळे धागे काळ्याला मारीत होते. यावर त्यांनी १८३९ साली ग्रंथच लिहिला. आपल्या कामातही तेच होते. लालाला चिकटून लावलेला आकाशी किंचित हिरवट भासतो, आणि लाल आहे त्याहून भडक. खोलीत तर दोहोंपैकी एकच लागायचा असतो.

दोन फूट चौरस प्लायचे दोन तुकडे घ्यावेत, प्रायमर मारून रंगाचे दोन हात द्यावेत व पूर्ण वाळू द्यावेत. मग एकेक तुकडा खिडकीसमोर, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि रात्री दिवा लावून दाखवावा. पिवळ्या एलईडीखाली आकाशी मळकट होतो, तर पांढऱ्या उजेडात तोच खुलतो. लालाचे बरेचसे उलट. शिवाय चारही भिंतींना लावलेला रंग एकमेकींवर पडून नमुन्यापेक्षा गडद वाटतो. लाल हवाच असेल तर एकच भिंत सुचवावी, असे आमचे मत.

आता हिशेब. १० बाय १२ची, १० फूट उंचीची खोली दारे-खिडक्या वजा जाता सुमारे ४०० चौरस फूट भरते. दोन हातांना लिटरमागे १३० चौरस फूट धरले तर तीन लिटर इमल्शन पुरते. आकाशीचे यात भागते, कारण त्यात झाकणारी पांढरी भुकटी भरपूर असते. भडक लालात ती फारशी नसते. खालची भिंत डोकावते आणि तिसरा हात मारावा लागतो. म्हणजे दीड लिटर व एका हाताची मजुरी जास्त. दर सांगतानाच हा फरक सांगावा. मशीनवर मिसळलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही, तेव्हा शेड क्रमांक अंदाजपत्रकावर लिहून गिऱ्हाइकाची सही घेतल्यावरच डबा बनवायला सांगावा.