कुंडींतील झाडांवरील चिलटें व पांढरी माशी

ओटीवरील तुळस, जास्वंद किंवा मिरचीचें झाड जरा हालवितांच बारीक किडे भुरकन उडतात, हा अनुभव पुष्कळांस आहे. शेतांतील किडीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा मनुष्यहि घरच्या कुंडीकडे दुर्लक्ष करितो. परंतु आपल्या जुन्नर-आंबेगांव भागांत टोमॅटोची लागवड पुष्कळ असून कित्येकजण रोपें घराजवळच वाढवितात. म्हणून या किडींची ओळख शेतकऱ्यास असणें अवश्य आहे.

उपाय करण्यापूर्वीं किडा कोठून उडाला तें पाहावें. मातींतून उडाला तर तें चिलट; पानाच्या खालच्या बाजूनें उडाला व पांढरा असला तर ती पांढरी माशी. दोहोंचे उपाय भिन्न आहेत.

१. चिलट.— हें काळसर व लांब पायांचें असतें. मादी ओलसर मातींत शंभर ते दोनशें अंडीं घालते. चार ते सहा दिवसांत त्यांतून काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या निघतात. त्या कुजका पाला, बुरशी व झाडाचीं कोंवळीं मुळें खातात. अंड्यापासून चिलट होण्यास तीन-चार आठवडे लागतात. उडणारें चिलट झाडास खात नाहीं व आठ-दहा दिवसांत आपोआप मरतें. तेव्हां नुसता धूर करून उपयोग नाहीं. नाश अळीचा करावयाचा.

एका पावसाळ्यांत शिनोली येथें प्रस्तुत लेखकाच्या दारची तुळस कोमेजूं लागली. पाणी कमी पडतें अशा समजुतीनें दोन वेळां पाणी घातलें, तों चिलटें वाढलीं व तुळस पिवळी पडली. कुंडी उपडी केली तेव्हां तळचें भोंक बुजलेलें व मुळें कुजलेलीं आढळलीं. तुळस गेली ती आमच्याच हातानें.

यास्तव वरची दोन बोटें माती सुकल्याशिवाय पाणी देऊं नये. तळचें भोंक मोकळें ठेवावें, बशींत पाणी सांचूं देऊं नये व अर्धवट कुजलेलें शेणखत घालूं नये. बटाट्याची चकती मातीवर ठेवून दोन दिवसांनीं उचलावी. अळ्या असल्यास तिच्याखालीं जमतात. त्या चकतीसह साबणाच्या पाण्यांत टाकाव्या. इस्रायल देशांत १९७६ सालीं सांपडलेला एक जिवाणु डांसांच्या अळ्यांवर वापरतात. त्याचें औषध पाण्यांतून मातींत दिल्यास याहि अळ्या मरतात.

२. पांढरी माशी.— ही पानाखालीं राहून रस शोषिते. तिच्या चिकट विष्ठेवर काळी बुरशी वाढते. परंतु खरें भय निराळें आहे. टोमॅटोचा पर्णगुच्छ रोग, ज्यास कोणी बोकड्या म्हणतात, तो हीच माशी रोगट झाडावरून निरोगी झाडावर नेते. रोग जडलेलें रोप कोणत्याहि औषधानें बरें होत नाहीं. ओटीवरील मिरचीचीं पानें आकसलेलीं असून तिच्यावर ही माशी असली, व शेजारींच रोपांचा वाफा असला, तर नुकसान शेतांत दिसेपर्यंत इलाज हातचा गेलेला असतो.

म्हणून रोपांजवळ अशीं झाडें ठेवूं नयेत व वाफ्यावर बारीक विणीची जाळी घालावी. पिवळ्या रंगाच्या पत्र्यास एरंडेल लावून टांगावा. माशा रंगाकडे येऊन चिकटतात. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर थोड्या पाण्यांत भिजवावी, सकाळीं गाळून एक लिटर पाणी करावें व किंचित् साबण मिसळून पानांच्या खालच्या बाजूस संध्याकाळीं फवारावें. आठवड्यानें पुन्हां फवारावें. तुळशीचें पान तोंडांत जातें, यास्तव तिच्यावर शेतांतील विषारी औषध कदापि मारूं नये.

इतकें करूनहि पानें आकसत असल्यास एक पान बंद पिशवींत घालून नारायणगांवच्या कृषि विज्ञान केंद्रांत दाखवावें, आणि रोगट रोपें उपटून जाळून टाकावीं. चार रोपांचा लोभ धरल्यास सबंध वाफा जाण्याचें भय असतें.