बेटाला वळसा घालण्याआधी

अगं धाकटे, दुब्रोव्हनिकच्या तटबंदीखालून निघून कयाक वल्हवत लोक्रुम बेटाला वळसा घालणाऱ्या त्या मुलींचा व्हिडिओ तू पाठवलास, आणि खाली एवढंच लिहिलंस, "ताई, मी जाऊ का?" जा. माझं उत्तर हेच आहे. पण आधी आपल्या समुद्रावर जा. आणि तिथे जाण्याआधी माझं नीट ऐकून घे, कारण घरात या विषयावर तुला "नको" याच्यापलीकडे कुणी काही सांगणार नाही.

खंडाळ्याच्या मुलीला पाण्याची भीती नसते, ते मला ठाऊक आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारल्यात आपण, वीर धरणाचा फुगवटा बघत मोठ्या झालोय. त्याच सवयीची मला काळजी वाटते. विहिरीचं पाणी उभं असतं. धरणाचं पाणी वारा आला तरच हलतं. समुद्राचं पाणी मात्र चंद्र ओढतो, वारा ढकलतो, आणि हजारो किलोमीटर दूर झालेल्या वादळाच्या लाटाही त्यात येऊन मिसळतात. दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोचतात, तेव्हा इथे वाऱ्याची झुळूकसुद्धा नसते. म्हणून "आज वारा नाही, म्हणजे समुद्र शांत" हा हिशोब चुकतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था रोज लाटांची उंची आणि इशारे देते. निघायच्या आदल्या रात्री ते बघायचंच.

ते परदेशी व्हिडिओ बघून एक मोठी गोष्ट कधीच कळत नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. जिब्राल्टरच्या अरुंद तोंडातून महासागराची भरती आत फारशी शिरत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी पाणी फुटभर वर-खाली झालं तर झालं. तिथला वाटाड्या फक्त वाऱ्याचं बोलतो. ग्रीसच्या बेटांवर जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेकडचा वारा सुटतो, सगळं नियोजन त्याच्याभोवती. आपल्याकडे वाराही आहे आणि भरतीही आहे. शिवाय त्यांचा हंगाम तो आपला पावसाळा. मे संपता संपता कोकणात जलक्रीडा बंद होतात त्या ऑगस्टअखेरपर्यंत. तेव्हा कुणी "थोडंसं फिरवून आणतो" म्हणालं तरी पाय टाकायचा नाही.

भरतीचं गणित तुला अवघड जाणार नाही. कोकणातली जुनी माणसं घड्याळ न बघता सांगतात. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. हा अंदाज आहे. गावागणिक तास-पाऊण तास पुढेमागे होतो, म्हणून नेमक्या वेळा त्या बंदराच्या तक्त्यातूनच घे. पण कालनिर्णय उघडून तारीख ठरवायला एवढं पुरतं. शाळेत भूगोलात उधाणाची आणि भांगाची भरती शिकलो होतो ना, ती इथे कामाला येते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि म्हणून जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास आणि नंतरचे एक-दोन दिवस भांग, पाणी सौम्य. पहिल्या सहलीसाठी अष्टमी ते दशमी धर. आणि लक्षात ठेव, ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. त्या दोन तासांत खाडीच्या तोंडाशी असू नये.

आता वारा. खारे वारे आणि मतलई वारे हेही त्याच पुस्तकातले. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा असतो. किनाऱ्याजवळ पाणी एकदम सपाट दिसतं आणि आपण भुलतो, कारण तोच वारा आपल्याला नकळत बाहेर नेत असतो. दहा-अकराच्या सुमाराला तो पडतो. दुपारी समुद्राकडून, आपल्याकडे बहुधा वायव्येकडून, वारा उठतो आणि फेब्रुवारीनंतर तो दिवसेंदिवस जोर धरतो. म्हणून उजाडताच निघायचं आणि अकराच्या आत पाय वाळूत. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की नवशिक्या माणसासाठी तो दिवस संपला. मग बेट कितीही जवळ दिसो.

बेटाभोवती फिरताना हा वाराच सगळ्यांत कठीण असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. बेटाला कायम दोन समुद्र असतात. एक आडोशाचा, एक वाऱ्याच्या तोंडाचा. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे बघितलंस तर दरवाजाकडची बाजू शांत दिसेल. तिथून होड्या सतत ये-जा करतात. पण तटाला वळसा घालून पश्चिमेला गेलीस की तोच समुद्र वेगळा होतो. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी पायाभरणी झाली तेव्हा शिवाजी महाराजांनी ही जागा निवडली ती उगाच नाही. भोवतीचे खडक आणि फुटणाऱ्या लाटा याच किल्ल्याची पहिली तटबंदी आहेत. जे शत्रूच्या गलबताला जड जात होतं ते तुझ्या दहा-बारा फुटी कयाकला सोपं जाईल असं समजू नकोस. शिवाय उभ्या तटावर आपटलेली लाट परत फिरते आणि येणाऱ्या लाटेला भिडते. तिथलं पाणी कुठल्याच तालात हलत नाही, जागच्या जागी उसळतं. तटाच्या जवळून जावंसं फार वाटतं, दगड हाताशी येतात, फोटो सुंदर निघतात. तरी पन्नास मीटर सोडूनच वल्हव. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे, म्हणजे पूर्ण फेरी आणि जाणं-येणं धरून नवशिक्या मुलीची सगळी सकाळ जाईल. स्थानिक जाणकार सोबत नसेल तर फेरीचा हट्ट नको, आडोशाच्या बाजूने जाऊन ये. त्यातही खूप बघायला आहे.

एक नियम मी कधी मोडत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आधी जायचं, अंगात ताकद असताना. परतीला वारा पाठीशी हवा. फक्त पाठीमागून येणारी लाट होडीचं बूड फिरवते आणि होडी आडवी करते, त्यामुळे परतीला सैल बसू नकोस. आणि परत फिरायची वेळ किनाऱ्यावरच ठरवून, सोबतच्या सगळ्यांना मोठ्याने सांगून निघ. "साडेनऊला जिथे असू तिथून मागे." पाण्यावर असताना ठरवलं तर मन नेहमी "एवढं तर राहिलंय" म्हणतं. लोक त्या "एवढ्या"तच अडकतात.

सुरुवात मात्र थेट मालवणला करू नकोस. आपल्याच जिल्ह्यात कोयनेचा शिवसागर आहे. तापोळा, बामणोली, आणि आता मुनावळ्याला जलपर्यटनाची सोय आहे. तिथे लाइफ जॅकेट घालून मुद्दाम होडी उलटव. हसू नकोस, हाच खरा धडा आहे. पाण्यात पडलीस की वल्हं आणि होडी सोडायची नाही, किनारा जवळ वाटला तरी पोहत निघायचं नाही. होडी तरंगते, ती शोधणाऱ्याला दिसते, तुझं एकटं डोकं दिसत नाही. आडव्या बाजूने पाय मारत पोटावर चढायचं, मग पालथं होऊन फिरायचं, मग बसायचं. दमलेली असतानाही हे जमेल इतकं कर. वल्हवताना दंड दुखायला लागले तर समज की हाताने ओढते आहेस. जोर कमरेच्या पिळातून यायला हवा, पाय पुढे रेटलेले हवेत.

त्यानंतर देवबागला कर्लीच्या खाडीत जा. आत खारफुटीच्या कडेने पाणी निवांत असतं. संगमाकडे मात्र ओहोटीला जाऊ नकोस. पाणी बाहेर धावतं आणि दुपारचा वारा आत येतो, दोघं समोरासमोर आले की तिथे छोट्या पण उभ्या लाटा उठतात. खऱ्या समुद्राची पहिली चव घ्यायला गोव्यात काणकोणचं पाळोळे मला सगळ्यांत आवडतं. अर्धचंद्राकृती उपसागर, भाड्याने कयाक मिळतात, आणि उत्तर टोकाला छोटंसं काणकोण बेट, जिथे ओहोटीला चालतही जाता येतं. सिंधुदुर्ग त्याच्यानंतर. हर्णैचा सुवर्णदुर्ग, थळसमोरचा खांदेरी हे पुढचे. हे तिन्ही जलदुर्ग 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आले, त्यामुळे गर्दी आणि होड्या दोन्ही वाढणार. निवतीच्या पलीकडे दिसणारे वेंगुर्ल्याचे खडक, जिथे पाकोळ्या घरटी करतात, ते मनातसुद्धा आणू नकोस. ते खोल समुद्रात आहेत.

मालवणला गेलीस की किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसं दिसतील. त्यांच्या जाळ्याच्या वर्तुळात शिरू नकोस. अख्ख्या वाडीची कमाई त्यात असते. त्याच माणसांना सकाळी विचार, "आज दर्या कसा आहे?" मोबाइल काहीही सांगो, त्यांचा म्होरक्या तांडेल नको म्हणाला की नको. सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि तळाला प्रवाळ आहेत, ओहोटीला त्यांच्यावर उभं राहू नकोस. खडकावरची कालवं पाय चिरतात, म्हणून पट्ट्याच्या चपला नको, बंद सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाल.

आता ज्या गोष्टी फक्त तुझ्या-माझ्यात. जीन्स आणि ओढणी घरी. लांब बाह्यांचा पटकन वाळणारा टी-शर्ट आणि लेगिंग, केसांची घट्ट वेणी, बांगड्या-साखळी काढून. कपड्यांवरून कुणी काही बोललं तर बोलू दे, लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांखाली ओढणी अडकणं जास्त वाईट. जॅकेट कमरेशी आवळ, खांद्याला धरून कुणाला वर ओढायला सांग. कानापर्यंत सरकलं तर ते तुझ्या मापाचं नाही, दुसरं माग. लाजू नकोस. शिट्टी जॅकेटलाच बांध. पाळी येणार असेल तर तारीख बदल, किंवा कपची सवय आधी घरी लावून घे, पहिल्यांदा तिथे नको. आणि लघवीला जायला लागेल म्हणून पाणी न पिता बसायची आपल्या बायकांची जी खोड आहे ना, ती या उन्हात घातक ठरते. निघण्याआधी जाऊन ये, वाटेत पाणी पी, परतल्यावर पुन्हा जा.

रात्रभर प्रवास करून, फोंडा घाटातल्या वळणांनी पोट ढवळलेलं असताना, उतरल्या उतरल्या समुद्रात जायचं नाही. एक रात्र मालवणात झोप. आणि आईपासून लपवू नकोस. ती घाबरते कारण तिला तपशील कळत नाही. तिला सांग कुठून निघणार, कोण सोबत, किती वाजता परत फोन करणार. फोनची वेळ चुकवलीस तर पुढच्या वेळी ती पाठवणार नाही, आणि मी तुझी बाजू घेणार नाही.

परत फिरलीस तर मला मुद्दाम सांग. वारा बघून अर्ध्या वाटेतून मागे येणारी मुलगी मला बेटाला फेरी मारून आलेल्या मुलीइतकीच आवडते, आणि लोक्रुमला तर मी तिच्याच सोबत जाईन. दिवाळीनंतरची अष्टमी बघ, त्याआधी शिवसागरात होडी उलटवून ये, आणि तारीख ठरली की सगळ्यांत आधी मला कळव.