बंद पडलेली राजदूत 350 घेताना

1983 साली एस्कॉर्ट्सने यामाहा आरडी 350 बी आपल्याकडे आणली ती राजदूत 350 या नावाने. 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. सुरुवातीच्या एचटी (हाय टॉर्क) मॉडेलची ताकद साडेतीस बीएचपी होती, आणि तेव्हाची बुलेट 350 अठराच्या आसपास घुटमळत होती. मायलेज नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली, 1990च्या आसपास उत्पादन थांबलं. आता कुणाच्या तरी पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एखादी सापडते. अशा गाड्या बरीच वर्षं उघडतोय, जोडतोय. त्यातून पक्क्या झालेल्या या गोष्टी.

1. बंद असली तरी चालेल, पण गाडी पूर्ण हवी. नवख्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘चालू आहे का?’ माझा प्रश्न असतो, ‘काय काय गायब आहे?’ इंजिन आज ना उद्या चालू होतंच. मूळ सायलेन्सरची जोडी, साइड पॅनल, मीटर, टाकीचं झाकण, फिन न तुटलेले ब्लॉक आणि हेड या वस्तू मात्र पुण्याच्या नाना पेठेपासून दिल्लीच्या करोल बागेपर्यंत हिंडलात तरी हव्या तेव्हा मिळतीलच असं नाही. मिळाल्या तर किंमत समोरचा ठरवतो. चकचकीत रंग मारलेली, फटाफट स्टार्ट होणारी पण अर्धी नकली गाडी शेवटी जास्त महाग पडते.

2. गाडीच्या आधी कागद. हँडलखालच्या नळीवरचा चेसीस नंबर आणि क्रँककेसवरचा इंजिन नंबर, दोन्ही चिंधीने पुसून, टॉर्च मारून आरसी बुकाशी ताडून पाहा. आकडे घासलेले किंवा परत ठोकलेले वाटले तर तिथूनच मागे फिरा, गाडी कितीही देखणी असो. मूळ मालक हयात नसेल तर आधी वारसांच्या नावावर होऊ द्या. परराज्यातली असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. ‘व्हिंटेज म्हणून पासिंग करून घेऊ’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2021च्या नियमाप्रमाणे व्हिंटेजसाठी पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात; सगळ्यात पहिली राजदूत 350सुद्धा 2033च्या आधी त्यात बसत नाही. तोवर पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर हाच रस्ता.

3. टू-स्ट्रोकचा जीव क्रँकमध्ये असतो. मालक ‘नवीन पिस्टन टाकलेत’ म्हणतो तेव्हा मी क्रँकबद्दल विचारतो. या इंजिनात क्रँककेसच पेट्रोल-हवेचं मिश्रण खालून वर ढकलते, त्यामुळे दोन्ही टोकांची सीलं घट्ट असावी लागतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्यांचं रबर कडक होतं. उजवीकडचं सील गेलं की क्लचच्या बाजूचं गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि इंजिन तापलं तरी पांढरा धूर थांबत नाही. डावीकडचं गेलं की बाहेरची हवा आत शिरते, रेस सोडली तरी आरपीएम खाली येत नाही, आणि पिस्टन जाम होतो. दुसरं जास्त घातक, कारण धूर न दिसल्याने माणूस खुशीत गाडी पळवत राहतो.

बंद गाडीवर एक तपासणी जरूर करा. डावं कव्हर काढा, आतला रोटर मुठीत धरा आणि वर-खाली हलवा. जराही ‘टक-टक’ हाताला लागली तर बेअरिंग संपलेत. क्रँक बाहेर काढून कनेक्टिंग रॉडसकट बांधावा लागेल. हा क्रँक प्रेस करून जोडलेला असतो, आणि त्याची रेषा डायल लावून जुळवणारे कारागीर आता थोडे उरलेत. असा माणूस आधी गाठा, मग भाव बोला.

4. किक बसत नसेल तर उड्या मारू नका. प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं डिझेल सोडा आणि काही दिवस थांबा. पिस्टन सुटला तर ब्लॉक काढून बोअर मोजा. मूळ माप 64 मिलिमीटर, पुढे पाव-पाव मिलिमीटरने एक मिलिमीटरपर्यंत. शेवटच्या मापावर आलेला ब्लॉक म्हणजे नव्या स्लीव्हचा खर्च, तो किमतीतून वजा व्हायला हवा.

5. ऑइल पंप जागेवर आहे का ते पाहा. अनेकांनी तो काढून टाकलाय आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भागवतात. सपाट रस्त्यावर एक वेळ चालतं. खंबाटकी किंवा वरंधा घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरत असतं. पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद. पंप असला की थोडं का होईना, ऑइल जात राहतं. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक गाडीला पंप परत बसवलाय आणि यापुढेही बसवीन.

6. एचटी की एलटी? पहिल्या एचटी, नंतरच्या सत्तावीस बीएचपीच्या एलटी (लो टॉर्क). एचटीला भाव चढा असतो, म्हणून एलटीही एचटी सांगून विकल्या जातात. मला दोन्ही सारख्याच प्रिय आहेत. सगळे मूळ भाग जागेवर असलेली एलटी मिळाली तर डोळे झाकून घ्या.

7. आजचं पेट्रोल या गाडीच्या ओळखीचं नाही. वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि पाणी धरून ठेवतं, टाकीला आतून गंज चढतो. पाइप, पेट्रोल कॉकचे वॉशर, कार्बोरेटरची सीलं सरसकट बदला. ब्रेककडेही लक्ष द्या: मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडे ड्रम आला. तेव्हा ब्रेक शू आणि केबलच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका.

8. सौदा ठरला की मालकाला माळ्यावर चढायला लावा. जुने आरसे, फाटलेली सीट, गंजलेला टूलबॉक्स, एखादा मूळ कार्बोरेटर. त्याच्या लेखी भंगार असलेल्या गोणीत तुमची निम्मी गाडी असू शकते. गोणी टेम्पोत आधी चढवा, गाडी नंतर.