आवाहन आणि मुखवटा : अतिमानवी नायकाच्या चित्रपटाचा आरंभ

अतिमानवी नायकाचा चित्रपट ही आधुनिक काळाची पुराणकथाच होय, असे विधान वर्गाध्यापनात अनेकदा केले जाते. संकटग्रस्त दुर्बळ, माजलेला दुष्ट आणि धावून येणारा तारणहार ही त्रयी दोन्हीकडे आढळते, हे खरे. तथापि पात्रांच्या साम्याऐवजी कथेचा आरंभ तपासला, तर या विधानाच्या मर्यादा स्पष्ट होतात.

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरची कथा या संदर्भात उद्बोधक ठरते. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती मंदाकिनीच्या काठी तप करीत असता कुकुर दैत्याने तिला उपद्रव दिला. तिने धावा करताच देवी त्वरेने प्रकटली आणि तिने दैत्याचा वध केला. त्वरिता, तुरजा, तुळजा ही नामाची परंपरागत उपपत्ती या त्वरेशीच निगडित आहे. तुळजाभवानीच्या उपासनेतील गोंधळ याच श्रद्धेला प्रयोगरूप देतो. संबळ-तुणतुण्याच्या साथीने, दिवटीच्या उजेडात, गोंधळी आरंभीच दैवतांना नावानिशी पाचारण करतो. आख्यान त्यानंतर येते. त्यातील संकटाने श्रोता भयभीत होईल, पण साशंक होत नाही. कोण येणार, हे त्याला आधीच ठाऊक असते.

ख्रिस्तोफर नोलन यांच्या 'द डार्क नाइट' (२००८) या बॅटमनपटाचा आरंभ नेमका उलट आहे. गॉथम शहरातील बँकेवर विदूषकी मुखवटे घातलेली टोळी भरदिवसा दरोडा घालते. कामाची वाटणी, धोक्याची घंटा निकामी करणे, तिजोरी फोडणे हे सारे थरारपटाचे रूढ संकेत येथे क्रमाने येतात. साथीदार एकमेकांना ठार करीत जातात. बेत रचणारा जोकर आपल्यात नाही, अशा समजुतीने ते त्याच्याविषयी बोलतात. शेवटी उरलेला इसम मुखवटा काढतो, तेव्हा त्याखाली रंगवलेला चेहराच दिसतो. लुटलेला पैसाही गुन्हेगारांचाच असतो. त्यामुळे धावा करणाऱ्या दुर्बळाची जागाच रिकामी राहते. 'तारणहार केव्हा येईल?' या प्रश्नाऐवजी 'यांपैकी तो कोण?' हा प्रश्न प्रेक्षकासमोर उभा राहतो.

आवाहन या चित्रपटातही आहे. आकाशात वटवाघळाचे प्रकाशचिन्ह उमटते. परंतु ते दरोड्यानंतर येते, आणि त्यापाठोपाठ बॅटमनच्या वेषात प्रथम दिसतात ते बंदूकधारी तोतये. खरा बॅटमन मागाहून येतो. नाव घेतल्याने रूपाची खात्री पटत नाही, हा थरारकथेचा संशय अशा रीतीने नायकापर्यंत पोहोचतो. अखेरीस बॅटमन दुसऱ्याचे गुन्हे स्वतःच्या माथी घेऊन परागंदा होतो, ही त्या संशयाचीच परिणती होय.

म्हणून थरारपटाचे संकेत येथे केवळ उत्कंठावर्धक सजावट ठरत नाहीत. गोंधळ श्रोत्याला भक्ताच्या भूमिकेत बसवतो, तर हा आरंभ प्रेक्षकाला तपास करणाऱ्याच्या भूमिकेत ढकलतो. पहिल्याला न्यायाची हमी आहे. दुसऱ्याला न्याय करणाऱ्याचीही ओळख पटवून घ्यावी लागते. 'आधुनिक पुराणकथा' ही संज्ञा वापरताना हा भेद नजरेआड झाल्यास दोन्ही परंपरांचे आकलन अपुरे राहते.