रोपवाटिकेचे कडाक्याच्या थंडीपासून संरक्षण

पावसाळ्यात लावावयाची अनेक रोपे हिवाळ्यात वाढत असतात. ग्रामपंचायतीची रोपवाटिका, शाळेची बाग आणि शेतकऱ्याचे वाफे यांतील कोवळ्या रोपांवर व कलमकाड्यांवर पुढील जूनची लागवड अवलंबून असते. एका रात्रीच्या थंडीने ती करपली, तर खर्चाबरोबर सबंध हंगामही वाया जातो.

सातपुड्यातील तोरणमाळ व दाब परिसरात, तसेच महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी अनेक हिवाळ्यांत दव गोठते. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या द्राक्षपट्ट्यातही पारा ५ अंश सेल्सिअसखाली उतरल्याच्या नोंदी आहेत.

पारा आणि जमीन

हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीत ठेवलेला असतो. रोपे मात्र जमिनीलगत असतात. आकाश निरभ्र व वारा पडलेला असेल, तर जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. म्हणून नोंद ३ ते ४ अंशांची असतानाही पानांवर दव गोठू शकते. ऊतींत बर्फ झाला म्हणजे पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते व पेशींची आवरणे निकामी होतात. मुळे न फुटलेल्या काडीला तर ही हानी भरून काढणे फारच कठीण जाते.

करावयाचे उपाय

थंड हवा जड असल्याने ती उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. रोपवाटिका नाल्याकाठच्या खळग्यात न करता मध्यम उतारावर करावी व खालच्या बाजूचे कुंपण हवा निघून जाईल इतके मोकळे ठेवावे.

थंडीची लाट अपेक्षित असताना दिवसा हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती रोपांना देते. याच कारणास्तव त्या दिवसांत वाफ्यावर पाचटाचा जाड थर नसावा. आच्छादन जमिनीवर नव्हे, रोपांच्या वर हवे.

सूर्यास्तापूर्वी बांबूच्या सांगाड्यावर गोणपाट, कडबा किंवा प्लॅस्टिकचा कागद पसरावा. प्लॅस्टिक पानांस टेकू देऊ नये. आग्नेय बाजू उघडी ठेवल्यास सकाळचे ऊन लवकर मिळते. ऊन आल्यावर आच्छादन काढणे तितकेच आवश्यक आहे. पिशव्यांतील रोपे भिंतीच्या आडोशाला एकमेकांस लागून ठेवावीत.

धुराने थंडी अडते, हा समज पुरेसा खरा नाही. उपयोग होतो तो उष्णतेचा, आणि तोही मर्यादित. थंडीच्या तोंडावर नत्रखत देऊ नये. त्याने कोवळी फूट वाढते व तीच प्रथम बळी पडते.

हानी झाल्यानंतर

करपलेले शेंडे लगेच छाटू नयेत. खालून नवी फूट आल्यावरच मेलेला भाग काढावा. वरून काळे पडलेले रोप बुडाशी जिवंत असण्याचा संभव असतो.

शाळेने एक किमान तापमापक रोपांच्या उंचीवर लावून रोजची नोंद फलकावर लिहिल्यास विद्यार्थ्यांना विज्ञानाचा पाठ मिळेल आणि गावाला आपल्या जमिनीची खरी थंडी कळेल. आच्छादनाचे साहित्य मात्र पंचायतीने नोव्हेंबरमध्येच जमवून ठेवावे. संध्याकाळी इशारा मिळाल्यावर शोधाशोध करण्यास वेळ उरत नाही.