स्पीडोमीटर चुकतो कुठे?

स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो, अशी तक्रार आली की आपले पुष्कळ मेकॅनिक बंधू सरळ नवे मीटर बसवायला सांगतात. आमची विनंती अशी की, आधी दोष शोधा, मग खर्च सांगा.

केबलवर चालणाऱ्या अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनीसारख्या गाड्यांत काटा अजिबात हलत नसेल, तर बहुधा आतली तार तुटलेली असते. काटा थरथरत असेल, तर केबल कोरडी किंवा मुडपलेली असते.

काटा स्थिर राहून चुकत असेल, तर मोकळ्या हमरस्त्यावर जा. काटा ६० वर ठेवा. शेजारी बसलेल्याने एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंतची वेळ मोजावी. बरोबर ६० सेकंद लागले पाहिजेत. ३६०० ला सेकंदांनी भागले की खरा वेग मिळतो. ६६ सेकंद लागले, तर वेग साडेचोपन्नच आहे.

आता दहा दगडांचे अंतर मीटरमधल्या किलोमीटरच्या आकड्यांशी ताडून पाहा. आकडे बरोबर आणि काटाच चुकीचा, तर दोष मीटरच्या आत आहे. दहाऐवजी साडेनऊ भरले आणि काटाही तेवढाच मागे असेल, तर मीटर निर्दोष आहे. टायर मोठ्या मापाचे आहेत किंवा गिअरबॉक्सचे मीटर-गिअर दुसरे आहे. अशा गाडीत काटा ६० दाखवतो, पण वेग ६३ असतो. चालकाला याची खबर नसते.

तेथे नवे मीटर विकणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन दोष तसाच ठेवणे होय.